लुकिनो व्हिस्कोन्ती : रंगभूमी आणि चित्रपट यांचा अन्योन्यसंबंध

लुकिनो व्हिस्कोन्ती (१९०६-१९७६) या इटालियन दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचे सामान्यतः दोन तुकडे केले जातात. 'ला तेर्रा त्रेमा' (१९४८) करणारा नववास्तववादी व्हिस्कोन्ती एक, आणि 'इल गात्तोपार्दो' (१९६३) करणारा, झुंबरे व रेशमी पडदे यांत रमणारा उमराव दुसरा. पहिल्याने दुसऱ्यासाठी आपली निष्ठा सोडली, असा आरोप त्याच्या हयातीतच झाला. ही विभागणी केवळ चित्रपटांकडे पाहिल्याने होते. त्याचे रंगभूमीवरील कार्य जमेस धरले की ती टिकत नाही.

मिलान येथील सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. वडील व्हिस्कोन्ती दि मोद्रोने घराण्यातील, तर आई औषधनिर्मितीच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या एर्बा कुटुंबातील होती. तारुण्यात शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारा हा तरुण पॅरिसला गेला. तेथे कोको शानेल हिच्यामुळे त्याचा ज्याँ रन्वारशी परिचय झाला आणि १९३६ मध्ये त्याने रन्वारच्या चित्रीकरणात सहायक म्हणून काम केले. त्याचा डावा राजकीय कल तेथेच घडला. पुढे १९४४ मध्ये फॅसिस्टांनी त्याला रोममध्ये अटकही केली.

'ओसेस्सिओने' (१९४३) हा त्याचा पहिला चित्रपट जेम्स केन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर, हक्क न घेताच, बेतलेला होता. त्याच वर्षी 'चिनेमा' या नियतकालिकातील लेखात त्याने आपली भूमिका मांडली. आपल्याला वस्तूंसाठी वस्तूंत रस नसून वस्तूंमध्ये जगणाऱ्या माणसांत आहे. माणूस खरा असेल तर एका भिंतीसमोरही चित्रपट करता येईल, असा तिचा आशय होता. या भूमिकेत दृश्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व नटाला आहे. येथे चित्रपटकाराइतकाच नाट्यदिग्दर्शक बोलतो आहे.

जानेवारी १९४५ मध्ये रोमच्या एलिसेओ नाट्यगृहात त्याने कोक्तोचे 'ले पारां तेरीब्ल' हे नाटक सादर केले. इटालियन रंगभूमीवर तोवर प्रमुख नटाचेच राज्य होते, तालमी अल्प होत्या आणि प्रॉम्प्टरवरच भिस्त असे. व्हिस्कोन्तीने दीर्घ तालमींचा आग्रह धरला. त्याच्या रंगमंचावरील प्रत्येक वस्तू नटाला हाताळता येईल अशी खरी असावी लागे. ही हौस नव्हती. खऱ्या वस्तूच्या स्पर्शाने नटाचा हात वेगळा वागतो, हा त्यामागील हिशेब होता.

'ला तेर्रा त्रेमा' या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. व्हेर्गाच्या 'इ मालाव्होल्या' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट सिसिलीतील आचि त्रेत्सा या गावी तेथील कोळ्यांनाच घेऊन चित्रित झाला. त्यांची बोली इतर इटालियनांना कळेना, म्हणून प्रमाण इटालियनमधील निवेदन जोडावे लागले. परंतु कोळ्यांच्या हालचाली व जागा इतक्या काटेकोर आहेत की काही दृश्ये शोकात्मिकेतील समूहासारखी भासतात. वास्तव येथे सापडलेले नाही, ते बसवलेले आहे.

याउलट 'ला त्राव्हिआता' पाहावे. १९५५ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याने हा व्हेर्दीचा ऑपेरा मारिया कॅलासला घेऊन केला. पहिल्या अंकाच्या अखेरीस एकटी उरलेली नायिका पायांतील पादत्राणे भिरकावून देते, हे पाहून परंपरावादी खवळले. कोळ्यांच्या वागण्यात ऑपेराची शिस्त आणणाऱ्यानेच ऑपेरात दमलेल्या बाईचे साधे वागणे आणले.

'सेन्सो' (१९५४) हा चित्रपट तर व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहातील ऑपेराच्या प्रयोगानेच सुरू होतो आणि रंगमंचावरील आवेश प्रेक्षागृहातील राजकीय निदर्शनात उतरतो. त्यावर मोठा वाद झाला. ग्विदो आरिस्तार्को या समीक्षकाने त्यात नववास्तववादाकडून वास्तववादाकडे झालेली वाटचाल पाहिली. इतरांना ते पतन वाटले. आरिस्तार्कोची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

१९६० मध्ये दक्षिणेतून मिलानला आलेल्या कुटुंबाची कथा 'रोक्को ए इ सुओइ फ्रातेल्ली'त आली. तिला आधार पुरवणाऱ्या जोव्हान्नी तेस्तोरीचेच 'लारिआल्दा' हे नाटक व्हिस्कोन्तीने त्याच सुमारास बसवले. मिलानमध्ये १९६१ साली त्याचे प्रयोग बंद पाडण्यात आले. 'इल गात्तोपार्दो'ला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटातील पाऊण तास एका नृत्यसमारंभाने व्यापला आहे. त्याला केवळ वैभवप्रदर्शन म्हणणे अन्यायाचे ठरेल. उकाडा, घाम आणि थकवा यांतून एका वर्गाचा अस्त बर्ट लँकेस्टरच्या चेहऱ्यावर उतरत जातो. कथानक जवळजवळ थांबते आणि नटाचे शरीर बोलू लागते.

१९७२ मध्ये व्हिस्कोन्तीला पक्षाघाताचा झटका आला. तरीही १९७३ मध्ये त्याने पुच्चीनीचा 'मानोन लेस्को' हा ऑपेरा आणि पिंटरचे 'ओल्ड टाइम्स' हे नाटक रंगमंचावर आणले. नाटकाच्या सादरीकरणास स्वतः पिंटरने तीव्र आक्षेप घेतला. 'लिन्नोचेंते' हा अखेरचा चित्रपट त्याने चाकांच्या खुर्चीत बसून दिग्दर्शित केला. १७ मार्च १९७६ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तो चित्रपट कान येथे दाखवला गेला.