पेशींची पकड आणि व्रणरोपण

काही वर्षांपूर्वी एका मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रण आमच्याकडे दीर्घकाळ रेंगाळला होता. मांसांकुर तांबडे होते, स्राव अल्प होता, दुर्गंधी नव्हती. म्हणजे शुद्ध व्रणाची लक्षणे. तरीही काठावरील त्वचा आत सरकेना. चिकटलेली कोरडी गॉज आम्ही रोज ओढून काढीत असू आणि तळावर रक्ताचे बारीक बिंदू उमटत. ते बिंदू व्रण जिवंत असल्याची खूण आहेत, अशी आमची समजूत होती. चूक आमचीच होती. तिचा उलगडा पुढे पेशीविज्ञान वाचताना झाला.

रक्तातील पेशी वगळल्या तर शरीरातील बहुतेक पेशींना जगण्यासाठी आधार धरून राहावे लागते. आधार सुटला की पेशी स्वतःच आपला अंत घडवून आणते. १९९४ मध्ये फ्रिश व फ्रान्सिस यांनी या मृत्यूस 'अनोइकिस' हे ग्रीक नाव दिले. त्याचा आशय बेघर होणे असा. हा आधार म्हणजे कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन इत्यादी प्रथिनांचे जाळे. ते पेशीच विणतात. पकडीचे काम इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांचे. त्यांचे एक टोक पेशीबाहेर जाळ्याला धरते, तर दुसरे टोक टॅलिन व व्हिन्क्युलिन यांच्या द्वारे आतील अॅक्टिनच्या दोरांना जोडलेले असते. मानवात इंटेग्रिनचे २४ प्रकार आढळतात. फायब्रोनेक्टिनच्या अवाढव्य रेणूतील आर्जिनिन, ग्लायसिन व अॅस्पार्टेट या तीन अमिनो आम्लांचा क्रम पेशीला चिकटण्यासाठी कळीचा असतो, हे पियर्शबाकर व रुओस्लाहटी यांनी १९८४ मध्ये दाखविले. गर्भावस्थेत तर याचे महत्त्व प्राणाइतकेच. फायब्रोनेक्टिन नसलेले उंदरांचे गर्भ रुजतात, पण त्यांची मज्जानलिका व रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत आणि ते जन्मापूर्वीच मरतात, असे १९९३ मध्ये दिसून आले.

व्रणातही जणू हीच घडण पुन्हा आरंभली जाते. निरोगी त्वचेतील तळाच्या पेशी लॅमिनिनला घट्ट धरून असतात. क्षत होताच काठावरील पेशी ती पकड सैल करतात, निराळे इंटेग्रिन धारण करतात आणि फायब्रिन-फायब्रोनेक्टिनच्या तात्पुरत्या जाळ्यावरून सरपटू लागतात: पुढे धरायचे, मागे सोडायचे. पकड सुटली तर गती नाही, अतिघट्ट झाली तरीही नाही. जीर्ण व्रणाच्या स्रावातील प्रथिनभेदक विकरे हे फायब्रोनेक्टिनच तोडून टाकतात. तळ लाल दिसतो, पण पेशीला धरावयास काही उरत नाही. त्यात रोज गॉज ओढली की पुढे आलेली पेशींची ओळ उपटून निघते. आम्ही नेमके तेच करीत होतो.

१९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखविले की ओलसर राखलेला व्रण उघड्या, वाळणाऱ्या व्रणाच्या सुमारे दुप्पट वेगाने त्वचेने झाकला जातो. आम्हांला मात्र अधिक लाज वाटली ती सुश्रुतसंहितेचा सूत्रस्थानातील १८ वा अध्याय पुन्हा उघडल्यावर. विकेशिका अतिस्निग्ध नसावी, अतिरूक्षही नसावी. अतिस्नेहाने क्लेद होतो, रूक्षतेने व्रण चिरतो आणि नीट न बसविल्यास काठ घासले जातात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पदवीच्या परीक्षेसाठी हे आम्ही पाठ केले होते!

काही मित्र यावरून इंटेग्रिन म्हणजेच श्लेषक कफ असे समीकरण मांडतात. 'श्लिष्' धातूचा अर्थ आलिंगन हे खरे. परंतु शब्दसाम्य म्हणजे सिद्धी नव्हे. असल्या घाईने शास्त्राचा मान वाढत नाही, असे आमचे मत आहे.

त्या रुग्णात आम्ही जात्यादी घृताची विकेशिका सुरू केली, पट्टी बदलण्याचे अंतर वाढविले आणि ती भिजविल्याशिवाय कधी काढली नाही. काठ सरकू लागला. त्याच सुमारास रक्तशर्करा आटोक्यात आली होती व पायावरील भारही कमी केला होता. त्यामुळे सारे श्रेय घृताला देता येणार नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसही एक विनंती. हायड्रोजन पेरॉक्साइड व तीव्र पोव्हिडोन आयोडीन प्रयोगशाळेत वाढविलेल्या तंतुपेशींनाही मारक ठरतात. शुद्ध, भरत आलेल्या व्रणासाठी कोणी ते रोज नेत असेल तर त्याला वैद्याकडे पाठवावे आणि गॉज देताना ती निर्जंतुक सलाइनने भिजवून मगच सोडवावयास सांगावे.