उलट्या धारेचं दशक

केन्शिनची तलवार उलटी आहे. सामुराईच्या तलवारीला धार असते ती वक्राच्या बाहेरच्या अंगाला. याच्या तलवारीची धार आतल्या अंगाला, म्हणजे धरणाऱ्याकडेच वळलेली. समोरच्यावर पडतो तो बोथट पाठीचा तडाखा. हाडं मोडतात, शुद्ध हरपते, पण जीव जात नाही. शोगुनशाहीच्या अखेरच्या वर्षांत क्योतोच्या गल्ल्यांतून माणसं कापत फिरलेला एक मारेकरी नवं राज्य आल्यावर पुन्हा कुणाचा जीव घेणार नाही अशी शपथ घेतो, आणि ती शपथ रोज कमरेला बांधून हिंडतो. नोबुहिरो वात्सुकी यांनी १९९४ ते १९९९ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ‘रुरौनी केन्शिन’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, चितारली. तिचे २८ खंड झाले. १९९६ साली टीव्हीवर अ‍ॅनिमे मालिका आली आणि केन्शिन जपानबाहेर पोचला तो मुख्यतः तिच्यामुळे.

चित्रात ही तलवार चालवणं सोपं आहे. अ‍ॅनिमेत केन्शिन स्तब्ध उभा असतो, पडद्यावर पांढरी रेघ चमकते, क्षणभर सगळं थिजतं, आणि मग दहा जण एकदम कोसळतात. मधल्या हालचाली कुणी काढलेल्याच नसतात. त्या आपलं मन भरून काढतं. हाडामांसाच्या नटाला मात्र पहिल्या माणसापासून दहाव्यापर्यंत खरोखर जावं लागतं. त्याचा पाय घसरतो, दम लागतो, आणि प्रेक्षकाला दहाही जण जिवंत आहेत हे पटावं लागतं. २०१२ ते २०२१ या काळात आलेल्या पाच चित्रपटांकडे आज मागे वळून पाहताना मला वाटतं, त्यांचं यश या एका अडचणीला भिडण्यातून आलं. ती टाळली असती तर बाकी सगळं नुसती वेशभूषा ठरलं असतं.

पहिला चित्रपट आला तेव्हा मांगावर बेतलेल्या चित्रपटांसाठी वातावरण फारसं आशादायक नव्हतं. ‘डेथ नोट’ने २००६ साली जपानमध्ये चांगली वाट दाखवली होती खरी, पण २००९ मध्ये हॉलिवूडनं ‘ड्रॅगनबॉल’ची जी दशा केली ती चाहत्यांच्या मनात ताजी होती. दुसरीकडे ऐतिहासिक पोशाखी कथांची परंपराच आटत चालली होती. १९६९ पासून चालत आलेली ‘मितो कोमोन’ ही टीव्ही मालिका डिसेंबर २०११ मध्ये थांबली. आजीआजोबांच्या शेजारी बसून दर आठवड्याला तलवारबाजी पाहणारी पिढी सरली होती. नव्या पिढीला सामुराई ठाऊक होता तो मांगातून.

अशा वेळी दिग्दर्शक केइशी ओतोमो यांनी जे केलं ते मला आजही फार सूज्ञपणाचं वाटतं. ते एनएचके या जपानी वाहिनीतून बाहेर पडले होते आणि तिथे २०१० साली त्यांनी ‘र्योमादेन’ ही शोगुनशाहीच्या अखेरच्या काळातल्या साकामोतो र्योमाच्या आयुष्यावरची वर्षभराची मालिका केली होती. केन्शिनसाठी त्यांनी त्याच मालिकेतली माणसं बोलावली. केन्शिन झालेला ताकेरु सातो तिथे ओकादा इझो झाला होता, म्हणजे त्याच काळातला, खराखुरा इतिहासातला मारेकरी. मुनेताका आओकी, यू आओई, तेरुयुकी कागावा तिथूनच आले. पुढे युसुके इसेया आले, आणि र्योमाची भूमिका केलेले मासाहारु फुकुयामा केन्शिनचे गुरू झाले. संगीतकार नाओकी सातो हेही तिथलेच. या मंडळींना तो काळ अंगवळणी पडला होता. कपडे कसे मळतात, चटईवर कसं बसायचं, पराभूत सामुराई रस्त्यानं कसा चालतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मांगातल्या पात्राला त्यांनी इतिहासातल्या माणसासारखं वागवलं. केन्शिनचे लालभडक केस मंदावले आणि दर वाराआधी डावाचं नाव ओरडण्याची अ‍ॅनिमेतली सवय जवळजवळ सुटली. त्याची जुन्या वळणाची नम्र बोली आणि गालावरची फुलीसारखी खूण मात्र राहिली.

या पायावर हाँगकाँग येऊन मिळालं. मारामारीची दृश्यं बसवणारे केन्जी तानिगाकी बरीच वर्षं हाँगकाँगच्या डॉनी येन यांच्याबरोबर काम केलेले. जपानी पोशाखी चित्रपटातली रीत अशी की, नायकाभोवती कडं पडतं, एकेक जण पुढे येतो, एका वारात पडतो. तो खरंच मेला का, हे कुणी विचारत नाही. केन्शिनला हे चालणार नव्हतं. त्याच्या तलवारीनं माणूस कापला जात नाही, म्हणून एका वारात पडतही नाही. त्याला पोटरीत, बरगडीत, मनगटावर असे दोन-तीन तडाखे द्यावे लागतात. कधी म्यान वापरावं लागतं, कधी लाथ. तेवढ्यात मागचा अंगावर येतो. म्हणजे जीव न घेण्याच्या शपथेमुळे हालचाली वाढल्या, आणि त्या वाढीव हालचालींतून या चित्रपटांची वेगवान शैली घडली. सातो जमिनीला जवळजवळ घासत धावतो, एका हातावर भार देऊन दिशा बदलतो, उठतो तो शत्रूच्या हनुवटीखाली. पहिल्या चित्रपटात कामिया तालमीच्या लाकडी जमिनीवरची झुंज पाहावी. ती संपते तेव्हा खाली पडलेले सगळे कण्हत, वळवळत असतात. ते कण्हणं ऐकू येणं मला महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅनिमेतल्या पांढऱ्या रेघेला तेच खरं उत्तर होतं.

पहिला चित्रपट २५ ऑगस्ट २०१२ ला प्रदर्शित झाला आणि जपानमध्ये ३०० कोटी येनच्या वर कमाई झाली. मग दोन भाग एकदम ठरले. ‘क्योतो इन्फर्नो’ १ ऑगस्ट २०१४ ला आणि ‘द लेजंड एंड्स’ १३ सप्टेंबरला आला. या दोघांतल्या पहिल्यानं ५०० कोटींचा टप्पा ओलांडला.

अ‍ॅनिमेतलं क्योतो प्रकरण तीसहून अधिक भागांचं. सरकारनं वापरून घेतलेला आणि मग जिवंत जाळलेला शिशिओ हा दुसरा मारेकरी सूड घ्यायला उठतो, त्याच्याबरोबर दहा लढवय्ये. एवढा ऐवज साडेचार तासांत बसवताना काही लोकांवर अन्याय झाला. दहातले बहुतेक नावापुरते उरले. इसेयांच्या आओशीचं दुःख आटून एक हट्ट तेवढा राहिला. कामिया तालमीची मालकीण काओरु हिच्या वाट्याला वाट पाहण्यापलीकडे फारसं येत नाही, याची मला खंत आहे. तिसऱ्या भागाचा पूर्वार्धही रेंगाळतो. पण दोन गोष्टी मांगाप्रेमींनीही मान्य कराव्यात अशा जमल्या. एक, र्युनोसुके कामिकीचा सोजिरो, जो हसत हसत माणूस मारतो आणि ज्याचं हसू केन्शिनशी लढताना हळूहळू तडकतं. दुसरी, ओकुबो तोशिमिची यांची हत्या. नव्या जपानच्या या शिल्पकाराला १४ मे १८७८ रोजी तोक्योत असंतुष्ट सामुराईंनी बग्गी अडवून मारलं, हा इतिहास. चित्रपटात ते काम सोजिरो करतो. तलवारबंदीचा फतवा निघून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तलवारीवर जगलेल्या हजारो माणसांचं पुढे काय करायचं हे त्या सरकारला उमगलं नव्हतं, आणि शिशिओचा संताप तिथूनच येतो. तात्सुया फुजिवारानं अंगभर पट्ट्या गुंडाळलेल्या अवस्थेत, केवळ डोळे आणि आवाज यांवर तो संताप उभा केला. मांगात शेवटची झुंज डोंगरातल्या गुप्त तळावर होते. चित्रपटात ती जळत्या जहाजावर आणली. शिशिओ चौघांना एकटा पुरून उरतो. हा बदल मला मुळापेक्षा सरस वाटतो.

त्यानंतर सहा-सात वर्षांची पोकळी. याच काळात, २०१७ मध्ये, मूळ लेखक वात्सुकी यांच्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगल्याचा आरोप आला आणि पुढच्या वर्षी त्यांना दंड झाला. मागोवा घेताना हे वगळणं अप्रामाणिक होईल. जे केलं त्याची भरपाई कशी करायची, या प्रश्नावर उभी असलेली ही कथा; तिच्या कर्त्याविषयीची ही नोंद ती वाचताना माझ्या मनातून जात नाही. चित्रपटांमागे शेकडो लोकांचे श्रम आहेत आणि ते मी आदरानं पाहतो, पण ही नोंद पुसून नाही.

शेवटचे दोन भाग २०२० च्या उन्हाळ्यात यायचे होते. कोविडनं ते वर्षभर लांबले. ‘द फायनल’ २३ एप्रिल २०२१ ला लागला आणि दोनच दिवसांत तोक्यो, ओसाकासह चार प्रांतांत आणीबाणी लागू होऊन मोठमोठी चित्रपटगृहं बंद पडली. तरीही त्यानं ४०० कोटींच्या वर मजल मारली. टीव्हीवरची अ‍ॅनिमे मालिका ‘द फायनल’मधल्या सूडकथेपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे केन्शिनवर सूड उगवणाऱ्या एनिशीला पडद्यावर सविस्तर पाहण्याची ओढ जुनी होती. ती भूमिका माकेन्यूनं केली. जपानी मारधाडपटांतल्या लढवय्या कलावंतांची फळी घडवणाऱ्या सोनी चिबा यांचा हा मुलगा. चिबा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

४ जूनला आलेला ‘द बिगिनिंग’ मात्र वेगळ्याच जातीचा. त्याचा खरा स्रोत मांगाइतकाच १९९९ सालची काझुहिरो फुरुहाशी दिग्दर्शित चार भागांची अ‍ॅनिमे आहे. ती टीव्ही मालिकेहून गंभीर, विनोद जवळजवळ नाहीच, रंग थंड. ओतोमोंनी तिच्याशी स्पर्धा केली नाही. १८६४ चं क्योतो, अंधाऱ्या खोल्या, कमी संवाद. कासुमी आरिमुराची तोमोए क्वचित बोलते. केन्शिनच्या तलवारीखाली मेलेल्या तरुणाची ती वाग्दत्त वधू. गालावरच्या फुलीच्या दोन रेघा कुणाच्या हातून आल्या ते इथे कळतं. आणि इथे केन्शिनच्या हातात साधी तलवार आहे, धार बाहेरच्या अंगाला.

नव्यानं पाहणाऱ्याला पुष्कळ जण कथेतल्या काळाच्या क्रमानं, म्हणजे ‘द बिगिनिंग’पासून सुरुवात करायला सुचवतात. मला ते मुळीच पटत नाही. प्रदर्शनाच्या क्रमानंच पाहा. चार चित्रपट आपण एका शरीराला स्वतःला आवरताना पाहिलेलं असतं. तो खाली झुकतो, हातावर वळतो, आणि समोरचा कण्हत पडतो. पाचव्यात तोच झुकाव आहे, तेच वळण आहे. फक्त आता एक वार पुरतो, आणि पडलेल्यांपैकी कुणाचाही आवाज येत नाही. आधीची सवय डोळ्यांना नसेल तर हा नुसता आणखी एक चपळ मारेकरी दिसेल.