शेवटचा एक कुठे गेला?

नऊ वेळा एक, म्हणजे १११११११११, कॅलक्युलेटरवर टाकून वर्ग करा. सीताबर्डीहून आणलेल्या माझ्या कॅलक्युलेटरने १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात एवढंच सांगितलं. सगळी गंमत त्यातच गेली! कागदावर गुणाकार मांडा. एकाच ओळीच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर सरकवलेली. मधल्या रकान्यात नऊ एक येतात, हातचा कुठेच येत नाही, आणि उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की हातचा येतो आणि ही रांग मोडते.

या जातीच्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलं. डोंबिवली स्टेशनवर गाडी बदलताना ही कल्पना सुचली, म्हणून तसलं नाव, असं सांगतात. 'हर्षद' हेही त्यांचंच: आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती संख्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर मास्तर १९६२ ला निवृत्तही झाले होते.

आता आपली संख्या हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८१. मूळ १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९, म्हणून वर्गाला ८१ ने भाग जाणारच. अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणून ती 'न्यून' गटातली.

हेच मी रात्री रूमवर सी मध्ये तपासायला बसलो. संख्या डबलमध्ये ठेवली. उत्तर आलं: हर्षद आहे. खूश होऊन झोपणार, तेवढ्यात रूममेट म्हणाला, "अबे, शेवटी शून्य कसा?" स्क्रीनवर १२३४५६७८९८७६५४३२० होतं!

डबलमध्ये अंकांसाठी ५३ बिट असतात. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक बसतो. त्यापुढे त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्या. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात, आणि विषम. म्हणून मशीनने गुपचूप शेजारची सम संख्या घेतली.

आणि खरी चाट पुढेच आहे. त्या चुकीच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८०, आणि तिला ८० ने भाग जातो! भागाकार १५४३२०९८७३४५६७९, बाकी शून्य. म्हणजे तीही हर्षद. प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर, पण भलत्याच संख्येचं. उलटसुलट सारखी आहे का, एवढं आधी तपासलं असतं तर लगेच सापडलं असतं.

नंतर डबल काढून लाँग लाँग लावलं. त्यात दहा एकांचा वर्गही मावतो. अकराचा नाही, त्याला पुन्हा कागदच.