गवतातून आल्यावर अंग पाहा

मी सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करत होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. पस्तिशीच्या आसपासची एक ताई दाखल झाली. सोयाबीनच्या वावरात निंदणाला जाणारी. तापाचा नववा दिवस. वस्तीजवळच्या खासगी दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली होती, एकदा सलाईन लागली होती. रक्तात प्लेटलेट कमी निघाल्या म्हणून डेंग्यू समजून पुढे पाठवलेली. डोळे लाल, श्वास जड, बोलताना धाप. तिचे कपडे बदलताना परकराच्या नाडीखाली मला एक काळा डाग दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढी खपली, भोवती लाल कडा, जणू कोणी पेटती विडी टेकवली. विचारलं तर म्हणाली, “कधीचा आहे कोण जाणे. दुखत नाही, खाजवत नाही, म्हणून कोणाला सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी डाग पाहिला आणि त्याच रात्री औषध बदललं. ती वाचली, पण आठ दिवस आयसीयूत राहून. तेवढ्यात घरच्यांनी बचत गटाचं कर्ज उचललं होतं. त्या नऊ दिवसांत तिला तिघांनी तपासलं. नाडी पाहिली, जीभ पाहिली, रक्त काढलं. अंग कोणी पाहिलं नाही, आणि तिनंही लाजेनं दाखवलं नाही.

त्या आजाराचं नाव स्क्रब टायफस. नाव विलायती असलं तरी आजार आपल्याकडचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक यानं आजारी पडत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याची साथ आली आणि माणसं दगावली. पावसाळ्यात गवत वाढलं की हा आजार डोकं वर काढतो, थंडी सुरू होईपर्यंत राहतो.

गवतातून अंगावर येणारे जीव मुख्यतः दोन, आणि त्यांची गल्लत होते. एक आपल्या ओळखीचा गोचीड. गुराढोरांच्या, कुत्र्याच्या कानात चिकटलेला असतो, रक्त पिऊन फुगतो, डोळ्यांना दिसतो. दुसरा चिगर. ही माइट नावाच्या बारीक जीवाची अळी. इतकी लहान की अंगावर बसली तरी दिसत नाही. उंदरांचा वावर असलेल्या झुडपांत, गवतात, धुऱ्यावर ती असते. स्क्रब टायफस गोचिडानं नव्हे, या चिगरनं होतो. म्हणून “मला काही चावलंच नाही” असं रोगी म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला कळलेलंच नसतं.

गोचीड चावलेलाही कळत नाही. चावताना दुखत नाही, आणि तो दिवसेंदिवस चिकटून राहतो. घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी हात लागतो तेव्हा कळतं. तो काढण्यासाठी आपल्याकडे जे उपाय करतात ते बहुतेक चुकीचे आहेत. रॉकेल ओततात, चुना लावतात, उदबत्तीचा चटका देतात, तंबाखू चोळतात. असं केल्यानं गोचीड डिवचला जातो आणि त्याच्या पोटातली घाण व लाळ उलट आपल्या जखमेत सोडू शकतो. म्हणजे रोग नको म्हणून केलेला उपायच रोग आत ढकलतो.

भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा पुरेसा आहे. तो कातडीला टेकवून गोचिडाचं तोंड जिथे रुतलं आहे तिथेच पकडायचं. फुगलेलं पोट पकडू नका, ते फुटतं. मग न पिळता, न झटका देता, एकसारखा ताण देत सरळ वर ओढायचं. चिमटा नसेल तर बोटांवर प्लास्टिकची पिशवी किंवा कापड गुंडाळून तसंच करा. उघड्या बोटांनी नको. तोंडाचा बारीक तुकडा कातडीत राहिला आणि सहज निघाला नाही तर सुईनं उकरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबण-पाण्यानं धुवा, हातही धुवा. काढलेला गोचीड नखावर चिरडायचा नाही. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा सॅनिटायझर घातलेल्या बाटलीत टाका.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पुढचे तीन आठवडे ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ यांवर लक्ष ठेवायचं आहे. काही झालं नाही तर औषधाची गरज नाही. प्रत्येक चाव्याला गोळी खायची नसते. मोबाईलवर गोचीड चावल्यावर गोल चक्रासारखं लाल वर्तुळ उमटतं असे व्हिडिओ फिरतात. ते मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या लाइम आजाराचे. आपल्याकडे त्या वर्तुळाची वाट पाहत बसू नका. आपल्याकडे कुत्र्यावरच्या गोचिडातून जो टायफस होतो त्यात तापासोबत लाल पुरळ येतं, अगदी तळहात आणि तळपायांवरही. दारात झोपणाऱ्या कुत्र्याला कुरवाळणाऱ्या लेकरांचे कान आणि केसांची मुळं म्हणूनच बघत जा.

आता पुन्हा त्या काळ्या खपलीकडे येते, कारण जीव वाचतो तो तिथं. चिगर चावल्यापासून साधारण सहा ते एकवीस दिवसांत ताप येतो. थंडी वाजते, डोकं फुटायला येतं, अंग मोडून येतं. खपली बहुधा तापाआधीच तयार झालेली असते. ती कुठे सापडते? जिथं कपडा घट्ट बसतो आणि घाम साचतो तिथं: काखेत, स्तनांच्या खाली, कमरेला नाडीच्या जागी, जांघेत, गुप्तांगाजवळ, कानामागे, मानेवर केसांच्या कडेला. म्हणजे नेमक्या त्या जागी, ज्या आपली बाई डॉक्टरांना दाखवत नाही आणि गर्दीत डॉक्टर मागत नाहीत. पुरुषांचंही तेच. म्हणून घरीच पाहा. बाईनं बाईचं, सासूनं सुनेचं, मायनं लेकराचं अंग उजेडात नीट पाहावं. पाठ आणि मान आपली आपल्याला दिसत नाही. प्रत्येक रोग्याला खपली असतेच असं नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर “ताप आहे” एवढंच सांगून थांबू नका. “मी निंदणाला जाते”, “सरपणाला जंगलात गेलो होतो”, “नाल्याकाठी गवत कापलं” हे विचारण्याची वाट न पाहता सांगा. डाग असेल तर तो दाखवा. पुरुष डॉक्टरसमोर लाज वाटत असेल तर सिस्टरला दाखवा, तिचं ते कामच आहे. मी वीस वर्षं ते केलं आहे. आणि सरळ विचारा, “डॉक्टर, स्क्रब टायफस तर नसेल?” कोणी रागावलं तर रागावू द्या. मलेरिया आणि डेंग्यूसोबत याचीही रक्ततपासणी होते. मात्र पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जाणता डॉक्टर दाट संशय असला की रिपोर्टसाठी थांबत नाही.

याचं औषध डॉक्सिसायक्लिन. जुनी, स्वस्त गोळी. मोठ्या माणसाला बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे सात दिवस देतात. वेळेवर सुरू झाली की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर घाला पडतो, आणि मग लाखाचा खर्चही कमी पडतो. ताप उतरला म्हणून गोळी मध्येच सोडू नका. मेडिकलमधून आपल्या मनानं आणूही नका. बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिला वेगळं औषध देतात. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर छातीत जळजळ होते. आणि हो, हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचं ताट-वाटी वेगळं करायची काही गरज नाही.

शेळ्या पाळणाऱ्या घरांसाठी एक सांगते. शेळीच्या कानातले गोचीड बोटांनी काढून नखावर फोडायची सवय सोडा. २०११ साली गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो ताप पहिल्यांदा आढळला. तो गोचिडातून आणि जनावरांच्या रक्तातून माणसाला लागतो. जनावरांच्या दवाखान्यातून गोचिडाचं औषध आणा आणि हातमोजे घालून लावा. कोकणात कामाला जाणाऱ्यांनी माकडतापाची माहिती ठेवावी. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याचे रोगी सापडले आहेत. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

वावरातून, जंगलातून आल्यावर आधी कपडे बदला. ते खाटेवर टाकू नका. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. साबण लावून अंग घासून अंघोळ करा. कामाला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मोजे आणि पायजम्याचं टोक मोज्यात. जेवायला गवतावर बसू नका, पोतं अंथरा आणि ते पोतं घरात आणू नका. उन्हाच्या कामात हे सगळं जमत नाही, मला माहीत आहे. त्यातल्या त्यात घरी आल्यावरची अंघोळ आणि अंग पाहणं चुकवू नका.

वस्तीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमधलं कमरेएवढं गवत आणि कचऱ्यावरचे उंदीर हेही याच आजाराचं घर आहे. ते साफ करणं नगरपालिकेचं, गावात ग्रामपंचायतीचं काम आहे. महिला मंडळाच्या नावानं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यावर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. आमच्या वस्तीत पहिल्या अर्जावर काहीच झालं नाही. दुसरा अर्ज पहिल्याची पोच जोडून दिला, तेव्हा चौथ्या दिवशी गवत कापायची माणसं आली.