उतारवयातील पापणी आणि मऊ रेघ

निगडी प्राधिकरणातील एक आजी रक्तदाब दाखवण्यासाठी दर महिन्याला येतात. वय ७४. यजमान येथील एका मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर, सून घर आणि नोकरी सांभाळून त्यांचे सारे बघते. गेल्या वेळी तपासणी आटोपली, औषधे लिहून झाली, तरी आजी उठेनात. अखेर पदराशी चाळा करत त्यांनी विचारले, "डॉक्टर, नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. काजळ घातलं तर चालेल का?" त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन आठवडे झाले होते. सून हसून म्हणाली, "आई, आता कशाला काजळ, चष्म्यातून कोण बघणार आहे!" शब्दांत मायाच होती, पण आजींचा चेहरा उतरला.

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक नाही. जेवणखाण, झोप, बी.पी., साखर यांची चौकशी आपण ज्येष्ठांजवळ रोज करतो. आरशात स्वतःला पाहून त्यांना बरे वाटते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज सत्तरीत असलेल्या स्त्रिया तरुण होत्या, तेव्हा टाटा समूहाने १९५२ साली सुरू केलेले लॅक्मे घरोघरी पोहोचू लागले होते. हे नाव फ्रेंच वळणाचे वाटले, तरी त्याचे मूळ आपल्या 'लक्ष्मी'तच आहे. म्हणजे डोळ्यांना रेघ देणे ही या पिढीला नवी गोष्ट नाही. मधल्या काळात ती मागे पडली, एवढेच. ती रेघ आज पुन्हा सुरक्षितपणे कशी देता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख. ही माहिती माझ्या वैद्यकीच्या पुस्तकांतील नाही. लेकीने शिकवली, मी स्वतःच्या पापणीवर करून पाहिली आणि नंतर तिला वैद्यकाची जोड दिली.

आधी पापणीविषयी. आपल्या शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा पापणीची. वयाबरोबर ती सैल होते आणि वरच्या पापणीवर तिची घडी उतरते. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पापणीशी असलेला जोड ताणला गेला, की पापणी स्वतःही थोडी खाली येते. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळांच्या किंचित आत, तेलग्रंथींची बारीक तोंडे ओळीने असतात. वरच्या पापणीत साधारण तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. या ग्रंथींचे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि त्यांना लवकर वाळू देत नाही. वयोमानाने हे तेल दाट होते, तोंडे बुजतात आणि डोळे कोरडे पडतात, खुपतात. पुष्कळांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते. तोही अनेकदा कोरडेपणाचाच परिणाम असतो.

आता काजळ कुठे घालतात ते आठवा. पापणीच्या आतल्या ओलसर कडेवर, म्हणजे नेमके त्या ग्रंथींच्या तोंडांवर! तेलकट काजळ तेथे बसले, की आधीच अर्धी बुजलेली तोंडे पुरती बुजतात. घरच्या काजळाविषयी अनेकांच्या मनात जिव्हाळा असतो. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन धरून आईने धरलेली काजळी मलाही आठवते. परंतु काजळी म्हणजे अखेर धुराचे कण, आणि ती बोटाने घातली जाते. नखातील जंतू डोळ्यात जाण्यास याहून सोपी वाट नाही. सुरम्याची गोष्ट अधिक गंभीर. पारंपरिक सुरमा ज्या चकचकीत काळ्या दगडापासून बनतो, तो गॅलेना असतो, म्हणजे शिशाचे खनिज. डोळ्यातील पाणी अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात उतरते, बोटे तोंडाकडे जातात, आणि शिसे पोटात पोहोचते. मोठ्या माणसांत ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांना इजा करते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याची अल्प मात्राही बाधते. म्हणून नातवंडांच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालण्याचा मोह आजी-आजोबांनी आवरावा, ही माझी विनंती आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावा.

सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार त्यांतील रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक असता कामा नये. पण हे नियम वेष्टनावर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेल्या मालाला लावता येतात. जत्रेतल्या पुडीला कोण विचारणार? डबी पिंपरी कॅम्पातून घ्या किंवा घरपोच मागवा, तेवढा मजकूर वाचूनच घ्या. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात '१२ एम' असे दिसले, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवावी, असा त्याचा अर्थ.

काजळाला आणि द्रव आयलायनरला उतारवयात सोपा पर्याय म्हणजे आयशॅडोची कोरडी पूड. द्रव आयलायनरची रेघ एकदा ओढली की सुटका नाही. हात हलला की ती वाकडी होते, सुरकुत्यांत शिरून फाटते, आणि पुसायला जावे तर चोळावे लागते. पुडीची रेघ कडेने विरघळल्यासारखी मऊ दिसते. त्यामुळे थोडी वाकडी झाली तरी कळत नाही, आणि चूक कापसाच्या काडीने सहज निघते. रंग गडद तपकिरी किंवा राखाडी घ्यावा. काळा रंग पांढऱ्या केसांखाली फार कठोर दिसतो. पूड चमकीची नसावी. चमकीचे कण सुरकुत्यांत साचतात आणि डोळ्यात गेले तर खुपतात. ब्रश बारीक, दाट केसांचा आणि तिरक्या टोकाचा असावा.

आता कृती. खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून बसावे. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत आणि करंगळी गालावर विसावू द्यावी. ब्रशवर अगदी थोडी पूड घेऊन ती मनगटावर झटकावी. हे विसरू नये, कारण उरलेली पूड डोळ्यातच पडते. मग आरशात सरळ समोर बघावे, डोळे उघडे ठेवून. तरुण मुली डोळा मिटून रेघ ओढतात. आपण तसे केले, तर डोळा उघडताच ती त्वचेच्या घडीत गडप होते. उघड्या डोळ्याने खालच्या पापणीची कड बाहेरच्या बाजूस भुवईच्या टोकाकडे पुढे नेल्याची कल्पना करावी आणि त्या वाटेवर, कोपऱ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक ठिपका द्यावा. दुसऱ्या डोळ्यालाही लगेच तसाच ठिपका द्यावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. मग डोळा अलगद मिटून पापणीच्या केसांच्या मुळांलगत, मधल्या भागापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, ब्रशने टिपत टिपत जावे आणि त्या ठिपक्याला मिळावे. ओढू नये, टिपावे. शेवटी कोरड्या स्वच्छ ब्रशने वरची कड हलकेच वरच्या दिशेने पसरवावी. टोक किंचित वर गेले, की खाली ओघळलेला डोळा उचलल्यासारखा दिसतो. नाकाकडचा अर्धा भाग मोकळाच सोडावा, आणि खालच्या पापणीला व आतल्या ओलसर कडेला काहीही लावू नये.

रेघ थोडी ठसठशीत हवी असल्यास ब्रशचे टोक उकळून गार केलेल्या पाण्याच्या एका थेंबाने ओले करावे. पूड त्यामुळे कमी सांडते. मात्र तो थेंब तळहातावर घ्यावा, डबीत नव्हे. ओल्या पुडीत जंतू वाढतात. आणि ब्रश जिभेला लावून ओला करण्याची जुनी सवय कृपया सोडावी.

खरी अडचण वेगळीच असते. चष्मा काढला तर दिसत नाही, आणि ठेवला तर ब्रश पोहोचत नाही! पाचपट मोठे दाखवणारा उभा आरसा यावर बराच कामी येतो. हात कापत असेल, तर मात्र दुसऱ्या कोणीतरी रेघ द्यावी हेच बरे. सून असो, लेक असो की दिवसभर सोबतीला राहणारी मावशी, तिने समोर बसावे, रुग्णाची मान उशीला टेकवावी, आपला हात त्यांच्या गालावर स्थिर ठेवावा आणि प्रत्येक वेळी आधी सांगून मगच ब्रश जवळ न्यावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना डोळ्याकडे येणारी काडी पाहून भीती वाटते. त्यांनी मान फिरवली, तर तेथेच थांबावे.

रेघ सरळ यावी म्हणून कोपऱ्यावर चिकटपट्टी लावण्याची युक्ती तरुणांत प्रचलित आहे. ज्येष्ठांवर ती करू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या पातळ त्वचेवर पट्टी ओढताच काळानिळा डाग उमटतो किंवा साल निघते.

काही जणांनी ही हौस सध्या बाजूला ठेवावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभर डोळ्यांभोवती काहीही लावू नये. शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या नेत्रशल्यचिकित्सकांचा. पापण्यांवर कोंड्यासारखे खवले असतील, रांजणवाडी असेल किंवा डोळे आले असतील, तर ते बरे होईपर्यंत थांबावे, आणि त्या काळात वापरलेला ब्रश व डबी टाकून द्यावी. चेहऱ्याच्या लकव्यामुळे ज्यांचा डोळा पूर्ण मिटत नाही, त्यांच्या डोळ्यात पूड पडली तर ती बाहेर येत नाही. त्या बाजूस पूड लावूच नये.

लग्नघरी एकच डबी पाच जणींत फिरते. प्रेम असावे, पण ब्रश प्रत्येकीचा वेगळा असावा.

एवढ्या जवळून आपल्या माणसाचा चेहरा आपण एरवी पाहत नाही, म्हणून काळजीवाहकांसाठी थोडे अधिक लिहितो आहे त्या ओघातच सांगते. नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळसर चपटे ठिपके दिसले, तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. खालची पापणी आतून फिकट पांढुरकी असेल, तर हिमोग्लोबिन. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा उठणारी गाठ, आणि तिच्यावरचे पापणीचे केस गळलेले, असे दिसल्यास तिला रांजणवाडी समजून शेकत बसू नये. पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग असाच सुरू होतो. एक पापणी अचानक खाली आली, डोळ्याला दोन-दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर ब्रश खाली ठेवून थेट रुग्णालय गाठावे. तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्टचे थेंब घालणाऱ्या काही जणांच्या पापण्या काळवंडतात आणि पापणीचे केस लांब होतात. एका बाई हा जुन्या काजळाचा डाग समजून रोज घासत असत. तो औषधाचा परिणाम आहे. थेंब घातल्यावर ओघळलेले औषध टिपून घ्यावे, पण थेंब मनाने बंद करू नयेत. आधी थेंब घालावे, मग पंधरा मिनिटांनी पापणी कोरडी झाल्यावर पूड लावावी.

चाकणहून तळेगावकडे किंवा नाशिक रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्यांना तेथील धूळ ठाऊकच आहे. ती आणि पूड एकत्र आली, की डोळे लाल होणारच. त्यामुळे रेघ कार्यालयात पोहोचल्यावर द्यावी आणि घरी येताच काढावी. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस मिटल्या पापणीवर अर्धा मिनिट ठेवावा, मग आतून बाहेर एकदाच अलगद पुसावे. पूड निघून येते. हाच ऊबदार शेक तेलग्रंथींनाही मानवतो. तरीही डोळा लाल राहिला, दुखू लागला, धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून कुठलेसे थेंब आणू नयेत. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलिन देणारे हे आपले पिंपरी. येथल्या लोकांना अँटिबायोटिकची किंमत मी काय सांगावी? परंतु त्या थेंबांत बहुधा स्टेरॉइडही मिसळलेले असते. आराम लगेच पडतो, आणि आठवडे न आठवडे ते घालत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

त्या आजींच्या नेत्रतज्ज्ञांनी पाचव्या आठवड्यात अनुमती दिली. लग्नाच्या आदल्या रविवारी सुनेने दवाखान्यात फोन करून विचारले, की ठिपका नेमका कुठे द्यायचा. मी सांगितले. पुढच्या तपासणीला आजी आल्या, तेव्हा तिने मोबाइलवर फोटो दाखवला. डाव्या डोळ्याची रेघ उजव्याहून थोडी वर गेली होती. आजी म्हणाल्या, "तो माझ्या हाताचा आहे, उजवा हिने काढला."