माळरान ओसाड नसते

प्रत्येक प्राण्याच्या शरीराची व स्वभावाची घडण त्याच्या अधिवासाशी जुळलेली असते. सह्याद्रीतील शेकरू उंच झाडांवर घरटे बांधते आणि फांद्यांवरूनच झेपा घेत फिरते. तेथे वृक्षतोड झाली, की त्याची वाटच तुटते.

माळढोक पक्ष्याचे मात्र याच्या नेमके उलट आहे. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी झाडावर बसत नाही. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा, नराचे प्रणयनृत्य मादीला दिसावे, नाकतोडे व भुंगेरे मिळावेत, यासाठी त्याला विस्तीर्ण गवताळ माळ लागतो. सोलापूरजवळील नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. तरीही आज महाराष्ट्रात तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. देशात उरलेल्या २०० हून कमी माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

शिकार, वाढती शेती व विजेच्या तारा ही त्यामागील कारणे आहेतच. परंतु आणखी एका कारणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. माळाला 'पडीक' समजून तेथे सद्हेतूने झाडे लावली गेली आणि माळढोकाचे मोकळे घर आक्रसत गेले.

वृक्षारोपण हे पुण्यकर्मच होय. मात्र रोप लावण्यापूर्वी, 'ही जागा आधीच कोणाचे घर तर नाही ना?' हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.