न तुटलेला बोल्ट

न्यूयॉर्कला राहतो असं सांगितलं की गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. आमचं घर त्या शहरापासून पाच तास दूर, सिरॅक्यूजच्याही उत्तरेला, ऑन्टारिओ सरोवराच्या पट्ट्यात आहे. हिवाळ्यात सरोवराचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. थंड वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की तिचा बर्फ करून आमच्या अंगणात टाकतो. सिरॅक्यूज शहरात वर्षाला सरासरी सव्वाशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. आमच्याकडे त्याहून जास्त.

रस्त्यापासून घरापर्यंत आमची वाट ३०० फुटांची. ती साफ करणं आपलं आपणच. पत्नी नर्स आहे, तिची ड्युटी सकाळी ७ ला सुरू होते आणि तिच्या वॉर्डला बर्फाची सुट्टी नसते. म्हणून घर घेताना जुन्या मालकाचा २५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे बसणारा स्नोब्लोअरही घेऊन टाकला. ब्लोअरचा फिरणारा स्क्रू बर्फ आत ओढतो, आतला पंखा तो धुराड्यासारख्या नळीतून बाजूला भिरकावतो. यंत्र मागे असल्यामुळे सगळं काम रिव्हर्समध्ये. तासाभरात मान अशी आखडते की जेवतानाही मी डावीकडेच बघत असतो.

या ब्लोअरला ताकद मिळते ती ट्रॅक्टरच्या पीटीओवरून. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे समजावायला नको, तुमचा रोटाव्हेटर चालतो तसंच. मिनिटाला ५४० फेरे, सहा खाचांचा १ ३/८ इंची शाफ्ट, दोन्ही टोकांना क्रॉसचा जॉइंट. तिकडे माती, इकडे बर्फ, एवढाच फरक.

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी वाट साफ करत मी रस्त्याच्या तोंडाशी पोचलो. तिथे रस्ता साफ करणारा मोठा प्लो बर्फाचा बांध घालून जातो आणि रात्रीत तो दगडासारखा होतो. ब्लोअर त्यात शिरला, खाडकन आवाज आला आणि मागे काहीतरी वेड्यासारखं आपटायला लागलं. पीटीओ बंद करून उतरलो. जॉइंटमधल्या क्रॉसच्या चार हातांपैकी एक बुडातून तुटला होता. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटून त्याचे तुकडे बर्फात पडले होते. माझी पाठ तिथून फार तर तीन फुटांवर होती.

तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. माझे काका, वाळवा तालुक्यात ऊस आणि ३५ वर्षं ट्रॅक्टर. तिकडे संध्याकाळ झाली होती. मी तुटलेला क्रॉस दाखवत होतो, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"क्रॉस ऱ्हाऊ दे. शिअर बोल्ट दाखव."

दाखवला. धडधाकट होता.

"मग त्यो का न्हाई तुटला?"

मी रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. शाफ्ट आणि ब्लोअर जोडणारा तो बोल्ट मुद्दाम नरम ठेवलेला असतो. ब्लोअर अडकला की त्याने तुटायचं आणि बाकी सगळं वाचवायचं, घरातल्या फ्यूजसारखं. मी कापडाने त्याचं डोकं पुसलं. सहा रेघा. अमेरिकेत बोल्टच्या डोक्यावरच्या रेघा त्याची ताकद सांगतात: ग्रेड २ ला एकही नाही, ग्रेड ५ ला तीन, ग्रेड ८ ला सहा. माझ्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये ग्रेड २ लिहिलेला आहे. जुन्या मालकाने सारखे बोल्ट बदलण्याचा कंटाळा येऊन कडक बोल्ट ठोकला असणार. आणि गेल्या वर्षी एकही बोल्ट तुटला नाही म्हणून मी खुशीत होतो!

तात्या एवढ्यावर थांबले नाहीत. "वळताना वर उचलतोस, तवा पीटीओ बंद करतोस का?" नाही करत. "ग्रीस कवा दिलंस?" दिवाळीत. मग जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. यंत्र उचललं की जॉइंटचा कोन वाढतो, आणि त्या कोनात फिरवत ठेवलं की क्रॉस झिजतो. रोटाव्हेटरवाल्या पोरालाही हे ठाऊक असतं, असं मात्र त्यांनी सुनावलं.

दुकान १२ पर्यंत उघडं होतं. जुन्या क्रॉसच्या टोपीचा व्यास आणि टोपीपासून टोपीपर्यंतची लांबी कॅलिपरने मोजून नेली, कारण दिसायला सगळे क्रॉस सारखेच. नवा क्रॉस मिळाला, नरम बोल्ट मिळाले. कव्हर सोमवारी येणार होतं.

दुपारभर गॅरेजमध्ये. आधी सर्क्लिप काढल्या. मग व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि दाबत दाबत जुन्या टोप्या बाहेर. हे सोपं होतं. नवी टोपी बसवताना मात्र सर्क्लिप काही केल्या खाचेत जाईना. टोपीच्या आत सुईएवढे बेअरिंगचे रोलर ग्रीसने चिकटवून उभे केलेले असतात. त्यातला एक आडवा पडून तळाशी बसला होता. काढा, लावा, पुन्हा दाबा. दोनदा. मग शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकवले आणि व्हिडिओत तात्या ओरडले, "कान बघ, कान!" शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. मी ९० अंशांनी फिरवून बसवले होते. एक जॉइंट कोनात फिरताना वेग कमी-जास्त करतो, दुसरा तो फरक भरून काढतो. कान चुकले तर दोघांचा फरक एकत्र होतो आणि यंत्र थरथरतं.

रात्री ९ वाजता शाफ्ट तयार होता, बाहेर नवा बर्फ पडायला लागला होता, आणि कव्हर नव्हतं. तात्या सकाळचा चहा घेत होते. म्हटलं, एकदाच चालवतो, लांबच राहीन.

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मळ्याशेजारच्या एका माणसाची आठवण सांगितली. मी लहान असताना त्याला एक हात नसलेलाच पाहिला होता, कसा गेला ते कधी विचारलं नव्हतं. मळणीच्या वेळी उघड्या शाफ्टने धोतराचा सोगा ओढला, सोडवायला त्याने हात घातला. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. "हात मागं घ्यायचं मनात येस्तवर पाच-सात येढं पडत्यात," तात्या म्हणाले.

मी ट्रॅक्टर काढला नाही. दुपारीच फावड्याने बांध फोडून पत्नीची गाडी रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली होती. रविवारी पहाटे साडेपाचला ती टॉर्च घेऊन गुडघाभर बर्फातून ३०० फूट चालत गेली. खिडकीत उभा राहून तिचा दिवा पुढे सरकताना बघत होतो. मी सोबत येतो म्हणालो तर म्हणाली, "तू झोप, तुझी मान दुखतेय." हे टोमण्याने म्हणाली की प्रेमाने, अजून विचारलेलं नाही.

सोमवारी कव्हर आलं. बसवलं, त्याची साखळी अडकवली, ग्रीस भरलं आणि संध्याकाळी निघालो. रस्त्याच्या तोंडाशी नवा बांध तयार होताच. ब्लोअर त्यात शिरला आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. शाफ्ट फिरतोय, ब्लोअर थांबलेला. पीटीओ बंद, इंजिन बंद. पंच आणि हातोडीने तुटलेला तुकडा बाहेर काढला, भोकं जुळवली, नवा बोल्ट घातला. थंडीने बोटं बधिर होऊनही दहा मिनिटांत काम झालं.

बोल्टच्या दोन तुकड्यांचा फोटो तात्यांना पाठवला. वाटलं, शाबासकी मिळेल. सकाळी उठल्या उठल्या त्यांचा मेसेज आला, "उतरलास तवा चावी कुठं हुती?"

खिशात, म्हणून कळवलं.